जन्मस्थळाच्या रकान्यात दिसणारे शेतमजुराचे घर

एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडच्या जनगणनेत शेतमजुराच्या कुटुंबाच्या वाट्याला जेमतेम सात-आठ ओळी येतात. १८४१ च्या नोंदींत तर कुटुंबप्रमुखाशी असलेले नातेही लिहिलेले नाही, आणि पंधरा वर्षांवरील माणसांची वये साधारणतः पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत. १८५१ पासून नाते, वैवाहिक स्थिती आणि जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीनुसार पाडलेला स्थानिक विभाग) हे रकाने आले, तेव्हा कुठे ही माणसे ओळखीची वाटू लागतात. या सर्वांत मी जन्मस्थळाच्या रकान्यापाशी सर्वाधिक रेंगाळतो.

आग्नेय स्कॉटलंडमधील बेरिकशायर परगण्यातल्या नांगऱ्याचे एक नमुनेदार घर घेऊ. बाप एकल्सचा, आई कोल्डस्ट्रीमची, थोरली मुलगी स्विंटनला जन्मलेली, मधला मुलगा लेडीकर्कला, धाकटा पुन्हा स्विंटनला. ही भटकंती हौसेची नव्हती. तिथल्या विवाहित सालगड्याला, म्हणजे हाइंडला, वर्षाच्या बोलीवर ठेवत. वसंताच्या सुमारास भरणाऱ्या मजूर-बाजारात नवा करार ठरे आणि मे महिन्याच्या अखेरीस खाटा, भांडी, कोंबड्या गाडीत घालून कुटुंब नव्या शेतावर जाई. घर मालकाचे असल्यामुळे काम सुटले की छप्परही सुटे. १८६१ ची जनगणना ७ एप्रिलच्या रात्रीची, म्हणजे या स्थलांतराच्या काही आठवडे आधीची आहे. त्यामुळे जे घर नोंदवहीत दिसते, ते कदाचित मे संपता संपता त्यांनी सोडलेही असेल. खोल्यांचा रकानाही याच वर्षी आला. खिडकी असलेल्या खोल्यांपुढे अशा कुटुंबात एक किंवा दोन हा आकडा असे, आणि तेवढ्यात सात-आठ माणसे झोपत.

याच घरात कधीकधी ‘नोकर’ म्हणून एखादी तरुणी नोंदलेली आढळते. मजुराकडे नोकर कशी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचा खुलासा करारात आहे: आग्नेय स्कॉटलंडमध्ये हाइंडने शेतकामासाठी एक स्त्री पुरवावी, अशी अट असे. घरात वयात आलेली मुलगी नसेल, तर त्याला बाहेरची बाई पगारावर आणून स्वतःच्याच घरात ठेवावी लागे. टर्निपची (सलगमची) खुरपणी, निंदणी, कापणी ही तिची कामे. अशा स्त्रीला बाँडेजर म्हणत. या पद्धतीविरुद्ध मजुरांनी १८६० च्या दशकात जोरदार आवाज उठवला, आणि तो उठवायलाच हवा होता.

नांगऱ्याच्या बायकोच्या व्यवसायाचा रकाना मात्र बहुधा कोरा असतो, किंवा तिथे ‘नांगऱ्याची बायको’ एवढेच असते. घरभाड्यापोटी सुगीत कापणी करणारी, मजुरीचा भाग म्हणून मिळणाऱ्या ओट, बार्ली आणि बटाट्यांवर घर चालवणारी, आणि करारात चाऱ्याची सोय असलेली गाय सांभाळणारी ही बाई कागदावर बेकार ठरते, ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटते.

म्हणून पुढच्या जनगणनेत असे कुटुंब जुन्या ठिकाणी सापडले नाही, तर ते परदेशी गेले किंवा संपले, असा निष्कर्ष घाईने काढू नये. आधी शेजारचे पॅरिश चाळावेत, धाकट्या मुलांची जन्मस्थळे क्रमाने लावून पाहावीत, आणि १८५५ पासून सक्तीच्या झालेल्या जन्मनोंदींशी ती ताडून पाहावीत. बहुतेकदा माणसे काही मैलांवरच, दुसऱ्या मालकाच्या घरात राहत असतात.