कुमीच्या गावात भेटला आपला हापसा!

युगांडात आहे सध्या. कंपालाहून पहाटे निघालो, जिंजाला नाईल ओलांडली, म्बालेला रोलेक्स खाल्लं (घड्याळ नाही हो, चपातीत गुंडाळलेलं आम्लेट) आणि दुपारी कुमीच्या पुढे ऑफिसातल्या मित्राच्या गावी पोचलो. इकडे इटेसो लोक, भाषा अटेसो, आणि नमस्काराला चक्क "योगा!" म्हणतात, मला आधी वाटलं इंडियन बघून माझी खेचतायत.

आंब्याखाली पिवळ्या जेरीकॅनची लाईन, माणसं सावलीत, कॅन नंबरात, अगदी आपल्याकडे हंडे ठेवतात तसं. आणि तो खटॅक-खटॅक आवाज! तीन पायांचं स्टँड, चौकोनी डोकं, आत साखळी, लांब दांडा... अरे हा तर आपला हापसा! युगांडात याला यू-टू म्हणतात, पण आहे आपलाच इंडिया मार्क टू. मी जालन्याचा, त्यामुळे थोडी कॉलर ताठ झाली, कारण पूर्वी ओतीव लोखंडाचे घरगुती पंप बोअरवर बसवायचे आणि अख्खं गाव हापसायला लागलं की ते मोडायचे, म्हणून जालन्यात मिशनवाल्यांनी मजबूत पंप बनवला, मग सोलापूरचा आला, आणि त्यावरून 1970च्या दशकात मार्क टू तयार झाला.

पण मित्राची आई म्हणाली की मधे वर्षभर हा असून नसल्यासारखा होता. पाणी लाल यायचं, कपड्यांना डाग, चहा काळाकुट्ट. इथलं जमिनीतलं पाणी जरा आम्लधर्मी, आतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप गंजतात. मग बायका परत दलदलीकडच्या झऱ्यावर, जिथं गुरंपण पितात. बोअर मारताना फोटो काढायला सगळे येतात, पाईप सडल्यावर कोणी येत नाही, हे मात्र दोन्हीकडे सेम. शेवटी गावानेच पैसे जमवून स्टीलचे पाईप टाकले.

दुसऱ्या दिवशी वायसर बदलायचे होते. मेकॅनिक सायकलवर आला. मार्क टूची हीच कटकट, एवढ्याशा वायसरसाठी सगळे पाईप वर ओढायचे, तीन-तीन मीटरचे दहा पाईप, आम्ही आठ जण लागलो आणि माझ्या हाताला फोड आले ते बघून पोरं हसत होती. खजिनदार बाई वही घेऊन शेजारीच बसलेल्या, घरटी महिना 1,000 शिलिंग, कोणी थकवलंय ते मोठ्याने वाचत होत्या, आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सची आठवण झाली.

संध्याकाळी पाणी आलं, स्वच्छ, गार. आईंनी पहिला मग मला दिला आणि विचारलं, तुमच्या गावात आता कोण हापसतं? म्हटलं, कोणी नाही, मोटारी बसवल्या. मग भरपूर पाणी असेल? म्हटलं, बोअर आटले, उन्हाळ्यात टँकर येतो. त्या मित्राकडे बघून काहीतरी बोलल्या, त्याने काही मला भाषांतर करून सांगितलं नाही.