तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांशी बोलायचं सोडून आकडे का?

"तुम्ही मुलांशी इतकं छान बोलायचात, मग ते सोडून आकडे कशाला गोळा करत बसलात?" जुने सहकारी विचारतात, शिक्षक विचारतात, माझी बहीण दर दिवाळीला विचारते. विचारणाऱ्यांच्या मनात माया असते, हे मला कळतं. पण या प्रश्नात एक समजूत आधीच धरलेली असते. मुलांशी बोलणं हे खरं काम, आणि माहिती अधिकाराचे अर्ज लिहिणं, मानसोपचार तज्ज्ञ येतात का हे विचारायला ग्रामीण रुग्णालयांना फोन करणं, त्याचे तक्ते भरणं ही त्यातून काढलेली पळवाट. दर वेळी मी काहीतरी अर्धवट बोलून विषय बदलते. आज पूर्ण उत्तर देते.

तक्त्यापुढे बसून दिवस काढला की मला रात्री झोप लागते. शाळांमध्ये काम करत होते तेव्हा लागायची नाही. त्यामुळे पळवाट म्हणत असाल तर तेवढा भाग खरा आहे. उरलेला नाही, आणि तो सांगायला मला एका मुलाबद्दल बोलावं लागेल. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी शाळांसाठी समुपदेशक होते, कंत्राटी. हा मुलगा सातवीत. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची, ती मार्च-एप्रिलला परत यायची. मुलगा तोवर आजीपाशी. त्याच्या दोन्ही भुवया गेल्या होत्या आणि डोक्याच्या उजव्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत केस नव्हते. गावात म्हणायचे, चाई पडलीय. आजी लसूण चोळायची. वर्गातली पोरं वाईट नावाने हाक मारायची. आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं, तेव्हा त्यांनीही त्वचेच्या आजारात नोंद केली आणि मलम दिलं.

तो माझ्यासमोर बसला आणि बोलता बोलता त्याचा हात डोक्याकडे गेला. एक केस बोटाभोवती गुंडाळला, ओढला, खाली टाकला. मग दुसरा. त्याचं त्याला कळत नव्हतं. मी विचारलं तेव्हा हात पटकन मांडीखाली घेतला. दोन वर्षांपासून चालू होतं. रात्री जास्त. केस उपटला की थोडा वेळ बरं वाटतं, म्हणाला. झोप नव्हती, जेवण कमी झालं होतं. पुढच्या भेटींमध्ये हळूहळू बरंच बोलला, आणि एकदा म्हणाला, "मी नसलो तर आजीची कटकट कमी हुईल." हे वाक्य ऐकल्यावर समुपदेशकाने एकटीच्या भरवशावर राहायचं नसतं. त्याला डॉक्टरांची गरज होती आणि ती लवकर होती.

ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर बोर्ड होता: मानसोपचार तज्ज्ञ, दर महिन्याचा दुसरा मंगळवार. मी फोन करून विचारलं. उचलणाऱ्याने सांगितलं, बोर्डावर आहे तेच. मी चिठ्ठी लिहून दिली. आजीने खुरपणीचा रोज बुडवला, नातवाला शाळेतून काढलं आणि सकाळच्या एसटीने गेली.

दुपारी ओपीडी बंद होईपर्यंत दोघं बाकावर बसून होती. केस पेपर काढायला गेली तेव्हा "डॉक्टर आले की काढू" म्हणाले. डॉक्टर आलेच नाहीत, कारण ते पद बरेच महिने रिकामं होतं. बोर्ड कुणी पुसला नव्हता. शेवटी एका सिस्टरने कीव येऊन सांगितलं की जिल्ह्याला जा. जिल्हा म्हणजे दोन गाड्या बदलून जाणं, आणि परतीची गाडी चुकली तर मुक्काम.

त्या बाकावर त्यांच्याच गावचं कुणीतरी बसलं होतं. "कशाला आलाव?" विचारलं. आजी खरं सांगून बसली. संध्याकाळपर्यंत गावात झालं की अमक्याच्या पोराला येड्याच्या डॉक्टरकडं नेलं.

पुढच्या आठवड्यात मी घरी गेले. आजीने चहा केला, नातवाला बाहेर पाठवलं आणि म्हणाली, "ताई, तुमचा राग न्हाई. पण आता पुन्हा जा म्हणू नका. डाक्टर बी न्हाई भेटला आन् पोराला नाव बी पडलं." मी जिल्ह्याला सोबत येते म्हणाले. ती मानेनेच नाही म्हणाली. त्या वर्षी दसऱ्यानंतर आईवडिलांनी मुलाला बरोबर नेलं. शाळेतून त्याचं नाव कमी झालं. पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही.

तुमच्यातले काही म्हणतील, तुम्ही पहिल्याच वेळी सोबत जायला हवं होतं. म्हणा. मी सोबत असते तरी त्या खुर्चीत डॉक्टर आले नसते.

नंतर मी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज केला. मानसोपचार तज्ज्ञाचं पद कधीपासून रिक्त आहे, भेटीचे दिवस किती झाले, १८ वर्षांखालचे किती रुग्ण पाहिले. उत्तर प्रथम अपिलानंतर आलं. पद आदल्या वर्षीपासून रिक्त. १८ वर्षांखालचे रुग्ण: निरंक. ते एका ओळीचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. एका नोंदवहीत तो मुलगा त्वचारोगी होता आणि दुसऱ्या नोंदवहीत तो नव्हताच. दिवसभर बाकावर बसूनही नव्हता, कारण केस पेपर निघाला नव्हता. आणि पुढच्या वर्षीचा आराखडा करताना कुणी ही आकडेवारी उघडली, तर तिच्यातून एवढंच निघणार की या तालुक्यात मुलांना मानसोपचाराची गरज भासलेली नाही. मग पद भरायची घाई कुणाला वाटावी?

मी आकड्यांकडे वळले ती इथून.

मला आकड्यांचं प्रेम नव्हतं. प्रकल्प अधिकारी दरमहा रकाने भरायला सांगायचे तेव्हा मी वाद घालायचे. मूल मोजायचं नसतं, त्याचं ऐकायचं असतं, असं ठणकावून सांगायचे. ती मी आजही माझ्याशी भांडते, आणि तिचं सगळं खोडून काढता येत नाही. एखाद्या तालुक्याच्या तक्त्यात स्वतःला इजा करून घेतलेली मुलं "१" असं लिहिलं, तर गावाला त्या एकाचं घर माहीत असतं. एका पत्रकाराने मला गावनिहाय यादी मागितली होती, चांगल्या हेतूने. मी दिली नाही. आमच्या तक्त्यात पाचपेक्षा कमी संख्या आम्ही छापतच नाही, आणि मुलांचे आकडे तालुक्याच्या खाली नेत नाही. पण डॉक्टर कुठल्या दिवशी येणार, पद भरलेलं आहे की नाही, ते लहान मुलांना पाहतात का, औषधं आहेत का, अध्ययन अक्षमतेचं (म्हणजे लिहिण्या-वाचण्यात, गणितात येणाऱ्या अडचणीचं) प्रमाणपत्र कुठल्या रुग्णालयात आणि कुठल्या वारी मिळतं, यात कुठल्या मुलाचं गुपित आहे? आज सगळं उलटं चाललंय. मुलाचा आजार गावभर आणि डॉक्टरांचा वार कुणालाच माहीत नाही.

"सरकारकडे आकडे आहेतच की" असंही ऐकवतात. आहेत, पण कसले ते बघा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलं. १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला, हा आकडा तिथला. तो महाराष्ट्रातल्या मुलांच्या संख्येशी गुणून आपल्याकडच्या भाषणांत आणि अहवालांत बिनदिक्कत वापरतात. त्या सर्वेक्षणात १२ राज्यं होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. १३ वर्षांखालच्या मुलांना तर कुणी विचारलंच नव्हतं. माझा मुलगा तेव्हा १२ वर्षांचा असता तर त्या आकड्यात बसला नसता. (माझा म्हणाले. असू दे.)

दुसरा आकडा मरणाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. तो अहवाल आला डिसेंबर २०२३ मध्ये. राज्य कळतं, मोठी शहरं कळतात. माझ्या तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना त्यातून आज काय करायचं ते कळत नाही. आणि मूल गेल्यावर त्याची इतकी चोख नोंद होते, याचा मला फार त्रास होतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तो आपल्याच पालघरमधून सुरू झाला. कल्पना उत्तम. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. यादीत स्वमग्नता (ऑटिझम) आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न लागणं आहे. पथकातल्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. एका दिवसात शाळा उरकायची असते, आणि केस उपटणारं मूल पाच मिनिटांत कळत नाही. माझं भांडण पुढच्या आकड्यांशी आहे. किती तपासले हे कळतं. किती जणांना पुढे पाठवलं हे मागितलं की कळतं. पाठवलेल्यांपैकी किती जण तिथवर पोचले, किती जण दुसऱ्यांदा आले, हे विचारलं की उत्तर येतं, "अशी माहिती संकलित केली जात नाही." ऊसतोडीच्या हंगामात पथक शाळेत आलं तर टोळीबरोबर गेलेली मुलं "गैरहजर" होतात, आणि फडावरच्या कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, त्यांना तपासायला जाण्याची जबाबदारी नेमकी कुठल्या जिल्ह्याची, यावर दोन्हीकडचे कागद गप्प असतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ मध्ये उपचार मिळण्याचा हक्क आहे, मुलांसाठीच्या सेवांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा, असंही तेच कलम म्हणतं. आता त्या आजीने सेवा उपलब्ध नव्हती हे कशावरून दाखवायचं? भिंतीवर तर बोर्ड आहे. तिच्या हातात एक कागद हवा होता: या महिन्यात, या रुग्णालयात, मानसोपचार तज्ज्ञ नाहीत. तो कागद तयार करणं हे माझं काम आहे. आम्ही काही जणी दर महिन्याला रुग्णालयांना फोन करतो, बोर्डावरचा वार आणि प्रत्यक्ष यात फरक असेल तर लिहितो, शंका असेल तिथे अर्ज टाकतो, आणि तो तक्ता आशाताईंच्या, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. एका जिल्ह्यात तर आता डॉक्टर येणार नसतील तेव्हा कार्यालयातूनच आदल्या दिवशी निरोप येतो. कुणाचा एक रोज वाचतो. कुणाचं पोर विनाकारण त्या बाकावर दिसत नाही.

"१४४१६ आहे ना, फोन करायचा," असं सुचवणारेही आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, आणि अडचणीच्या रात्री तो लावाच, मी प्रत्येक शाळेत तो लिहायला लावते. पण सातवीतल्या पोराकडे फोन नसतो. घरात एक खोली, एक फोन, तोही चुलत्याच्या खिशात. त्याने काय बोलावं आणि कुणासमोर?

आता माझ्यातली जुनी समुपदेशक जिथे मला गप्प करते ते सांगते. ती म्हणते, बोर्ड खरा झाला, "पद रिक्त" असं ठळक छापून आलं, पुढे काय? तक्त्यातून डॉक्टर जन्माला येतात का? मनोरुग्णांसाठी सरकारची प्रादेशिक रुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यातल्या माणसाने त्यातलं कुठलं जवळचं म्हणावं? आणि तू ज्या तासात फोन करत असतेस, त्या तासात एखादं मूल कुणाशीतरी बोललं असतं. मी तिला सांगते की रिक्त पद दिसल्याशिवाय ते भरा म्हणून कुणी भांडू शकत नाही. ती म्हणते, दिसूनही भरलं नाही त्या जागा मोज. मोजल्या आहेत, तक्त्यात तसा रकाना आहे. तो दर महिन्याला लांबतोय, आणि याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एवढं मात्र मला पटलंय की तेव्हा मी त्या मुलाशी अजून चांगलं बोलले असते, तरी त्या मंगळवारी त्याच्या वाट्याला तेच आलं असतं.

पाठवलेल्या मुलांपैकी किती पोचली, या प्रश्नावरचं माझं अपील सध्या माहिती आयोगाकडे पडून आहे. दरम्यान एका मुख्याध्यापिका बाईंनी विचारलंय की महिन्यातून एक दिवस शाळेत येऊन बसाल का, दोन मुली आहेत, तुमच्याशीच बोलतील असं वाटतं. त्यांच्या तालुक्यातल्या रुग्णालयापुढे आमच्या तक्त्यात गेले कित्येक महिने "रिक्त" आहे. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.