कॅलेंडरच्या पानांवरचं वजन

मी पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे, गेली सात वर्षं बॅरिएट्रिक टीममध्ये, म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी जे पेशंट येतात त्यांचं आधीचं आणि नंतरचं खाणंपिणं बघणं हे माझं काम. मंगळवारी ओपीडीला मरणाची गर्दी असते. अशाच एका मंगळवारी लोणंदकडच्या एक ताई आल्या, वय ४३, छोटी खानावळ चालवतात, सोबत त्यांचे मिस्टर. ताई केबिनच्या दारातच थांबल्या आणि आधी खुर्चीकडे बघितलं. आमच्याकडे हात नसलेल्या रुंद खुर्च्या आहेत, सर्जन मॅडमनी हट्टाने मागवलेल्या. ताई बसल्या आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

बाहेर सिस्टरनी बीपी घेतलं होतं, १६८/१०४. मॅडमनी कागद बघितला, कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, कुठला वापरला ते विचारलं आणि मोठा कफ आणायला सांगितला. दंड जाड असेल आणि कफ लहान पडला तर बीपी खोटं जास्त दाखवतं. पाच मिनिटं शांत बसवून परत घेतलं तर १४२/८८. तेही जास्तच, पण फरक बघा ना केवढा. ताई म्हणाल्या, मॅडम असा पट्टा माझ्या हाताला आजवर कुणी लावलाच नव्हता.

वजन ११२ किलो, उंची १५६ सेंटिमीटर, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४६, आणि एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर, ९.४. शुगर एवढी का वाढली विचारल्यावर जे कळलं ते ऐकून मला वाईट वाटलं. दोन वर्षांपूर्वी त्या गुडघा दाखवायला एका डॉक्टरांकडे गेल्या होत्या. तिथे व्हरांड्यात काट्यावर उभं करून आकडा मोठ्याने सांगितला गेला आणि डॉक्टर म्हणाले आधी २० किलो कमी करा, मग गुडघ्याचं बोलू. गुडघा तपासलाच नाही. त्यानंतर ताई कुठल्याच डॉक्टरकडे गेल्या नाहीत. कशासाठीच नाही, शुगरच्या गोळ्या संपल्या त्या संपल्याच.

मॅडमनी विचारलं, वजनामुळे तुमचं काय करायचं राहून गेलंय? आणि खरं सांगते, मी इतकी वर्षं पहिला प्रश्न 'दिवसभरात काय काय खाता' हाच विचारत आलेय, आणि पेशंट मला पोलिसांना द्यावं तसं उत्तर देतात. ताई जरा वेळाने म्हणाल्या, माउलींची पालखी दरवर्षी आमच्या इथून जाते, मी हजार लोकांना चहा देते पण चांदोबाच्या लिंबापर्यंत चालत जाऊन रिंगण काही बघता आलं नाही, तेवढं बघायचंय.

तेवढ्यात मिस्टर बोलले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मॅडम, तोंडावर ताबा ठेवला तर पोट कापायची गरजच काय, म्हणाले. मला वाटलं आता ताई रडणार. पण त्यांनी पिशवीतून एक जाड पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. आत कॅलेंडरची पानं होती, बारा वर्षांची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब लिहितो ना, तीच पानं. एका कोपऱ्यात दूध किती लिटर आणि दुसऱ्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वजन.

मॅडमनी ती पानं मिस्टरांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, तुम्हीच वाचा, मोठ्याने. त्यांनी वाचायला सुरुवात केली. २०१४ जानेवारी ९६. मग ९३, ९०, सप्टेंबरला ८३. मग २०१५ संपताना ९९. २०१८ ला १०४ वरून ९१, आणि पुढच्या दिवाळीला १०८. वाचता वाचता ते थांबले. हे आपल्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आहे, दुधाचा हिशेब तर मीच करतो, असं हळूच म्हणाले आणि बायकोकडे बघत राहिले. रोज त्याच कागदावर त्यांची नजर जात होती आणि तो दुसरा कोपरा बारा वर्षांत त्यांना दिसला नव्हता. केबिनमध्ये बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

मग मॅडम म्हणाल्या, ह्यात आळस कुठे दिसतोय तो मला दाखवा. बाईंनी दोनदा तेरा-तेरा किलो कमी केलंय. वजन उतरलं की शरीर भुकेची हार्मोन्स वाढवतं, ऊर्जेचा खर्च कमी करतं आणि जुन्या आकड्याकडे परत ओढतं, त्याच्याशी नुसत्या मनाच्या जोरावर वर्षानुवर्षं लढणं फार थोड्यांना जमतं.

ऑपरेशनचं सांगताना मात्र त्यांनी काहीही गोड करून सांगितलं नाही. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्त कायमचा काढतात, तो परत जोडता येत नाही. ताईंना रात्री आंबट पाणी वर येतं, स्लीव्हने ते वाढू शकतं, म्हणून आधी एंडोस्कोपी आणि मग कदाचित बायपासचा विचार, हृदयाचा नाही, जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात तो. रक्तस्राव, जठर शिवायला मारलेल्या पिनांच्या ओळीतून गळती, पायात गुठळी हे धोके कमी असले तरी खरे आहेत. वजन कमी करायची इंजेक्शनंही आता भारतात मिळतात, त्यांच्याबद्दल फिजिशियनशी बोला. आणि शेवटी, आज मला उत्तर नकोच आहे, ऑपरेशन नाही केलंत तरी शुगरला आणि गुडघ्याला इकडेच या. गुडघे त्यांनी तिथेच तपासून एक्सरे लिहून दिला. इतक्या गर्दीत पाऊण तास दिला, बाहेर लोक चिडले होते आणि मी त्यांची समजूत घालत होते, पण मला तो पाऊण तास अजिबात जास्त वाटला नाही.

नंतर दोघं माझ्याकडे आले. मिस्टरांचं पहिलं विचारणं विम्याचं, ते कंपनीत आहेत. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या अटींप्रमाणे बीएमआय ४० च्या वर असेल आणि डॉक्टरांनी सुचवलं असेल तर हे ऑपरेशन कव्हर होऊ शकतं, पण तुमच्या पॉलिसीचा वेटिंग पिरियड एचआरला विचारा असं सांगितलं. ताईंचे प्रश्न वेगळेच. खानावळीत दिवसभर चव घ्यावी लागते त्याचं काय, संकष्टी धरता येईल का. मी म्हटलं, चवीला चमच्याचं टोक चालेल, पण ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे सगळं पातळच. पुढे दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन, जेवताना पाणी नाही, व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर आणि वर्षातून रक्त तपासणी चुकवायची नाही. उपवास सुरुवातीचे महिने तरी नकोच, साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात तेही सांगितलं, कारण आधी नाही सांगितलं तर बायका फार घाबरतात. मिस्टर पाणी आणायला बाहेर गेले तेव्हा ताई वाकून हळू म्हणाल्या, मी मिश्री लावते. म्हटलं ताई बरं झालं सांगितलंत, ऑपरेशनच्या आधी ती पूर्ण सुटली पाहिजे, त्याला पण आपण मदत करू.

जाताना मॅडमनी ती सगळी पानं झेरॉक्सला पाठवली आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लावायला सांगितली.

तीन आठवड्यांनी ताई एंडोस्कोपीला आल्या. ऑपरेशनचं अजून ठरलं नव्हतं, मिस्टर अजून घाबरलेले होते पण आता प्रश्न कागदावर लिहून आणले होते. शुगरच्या गोळ्या परत चालू झालेल्या. ताईंनी मला मोबाईलवर ह्या महिन्याच्या पानाचा फोटो दाखवला. १९ तारखांवर फुली होती, ते मिश्रीशिवायचे दिवस, आणि वजनाचा कोपरा होता तिथे आकडा दुसऱ्याच अक्षरात लिहिलेला. मी विचारलं हे कुणी लिहिलं, तर म्हणाल्या, आता हेच लिहितात, दुधाबरोबर.