दरीत रेंज आणताना

दरीत रेंज मिळत नाही, या आमच्या तक्रारीला मोबाईल कंपनीचं पहिलं उत्तर आलं ते असं: ‘आपल्या भागात फोरजी कव्हरेज उपलब्ध आहे.’ सोबत एक नकाशा. त्यात आमची अख्खी दरी एकाच रंगाने भरलेली. मी इथे पर्यटकांची राहण्याची सोय बघतो, आणि त्याच दरीत धबधब्याच्या वाटेवर पाय मुरगळून पडलेल्या एका बाईंसाठी मदत मागायला त्यांच्या मुलाला पुन्हा खिंडीपर्यंत चढून जावं लागलं होतं. तो नकाशा बघून आम्हा सगळ्यांनाच संताप आला.

पण संतापाने टॉवर उभा राहत नाही. असे नकाशे बहुतेक वेळा गणिताने काढलेले असतात. टॉवरची उंची, अँटेनाची दिशा, मधले चढउतार यांवरून संगणक अंदाज बांधतो, आणि तोही उघड्यावर उभ्या माणसाच्या हातातल्या फोनसाठी. जाड दगडी भिंतींच्या खोलीत किंवा पत्र्याखाली काय होतं, ते त्यात येतंच असं नाही. म्हणून ठरवलं, आपणच मोजायचं.

फोनवरच्या काड्या मोजमापाला उपयोगाच्या नाहीत, कारण त्या किती दाखवायच्या ते प्रत्येक फोन आपापल्या हिशेबाने ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत तो सापडतो. आकडा उणे असतो आणि शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल कमजोर. फोरजीला उणे ८५-९० च्या आसपास काम झकास चालतं, उणे ११० च्या पलीकडे आवाज तुटायला लागतो आणि उणे १२० जवळ आला की फोन केव्हाही हात टेकतो. ही मोजपट्टी सरळ रेषेतली नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. दर १० डेसिबलला, म्हणजे आकडा १० ने खाली गेला की, ताकद दहापट घटते. उणे ९० वरून उणे ११० म्हणजे सिग्नल शंभरपट क्षीण.

मग वाटाडे, गाडीवाले, निवास चालवणारे, सगळ्यांनी नोंदी केल्या: जागा, वेळ, कंपनी, आकडा, फोन लागला की नाही. धबधब्याच्या वाटेची नोंद माझ्या वहीत अजून आहे. खिंडीत उणे ९६. पहिल्या वळणावर उणे ११३. वाट कातळाच्या पोटात शिरली की आकडाच नाही, ते थेट कुंडापर्यंत. पावसाळ्यात झाडी दाट आणि ओली असताना त्याच वळणावर आकडा आणखी खाली जायचा, कारण पानांतलं पाणी लहरी शोषून घेतं.

नोंदी एकत्र केल्यावर दिसलं की ज्याला आम्ही सरसकट ‘रेंज नाही’ म्हणत होतो, ती तीन वेगवेगळी दुखणी होती. दरीत सिग्नलच पोचत नव्हता. निवासांच्या खोल्यांत तो भिंतीबाहेर अडत होता. आणि बाजाराच्या चौकात सिग्नल भरपूर, तरी सुट्टीच्या दिवशी दुपारी साधा फोटो जात नव्हता. तिथे टॉवरची क्षमताच अपुरी होती. एकाच टॉवरवर एवढे फोन लटकले की प्रत्येकाच्या वाट्याला थेंबभर डेटा. मला वाटतं, आमच्या सगळ्या खटपटीत हे वेगळं करणंच सर्वांत मोलाचं ठरलं. नव्या अर्जासोबत नोंदींचा तक्ता जोडला, तेव्हा पहिल्यांदा कंपनीच्या रेडिओ विभागाचा माणूस प्रत्यक्ष आला.

खोल्यांचा प्रश्न सर्वांत लवकर सुटला. जिथे तारेवरून इंटरनेट येतं तिथे वायफाय कॉलिंग चालू केलं. फोन आणि कंपनी दोन्हींनी ती सोय दिलेली असली की आपल्याच नंबरवरून वायफायवर बोलता येतं. काही जण बाजारातून सिग्नल वाढवणारी यंत्रं आणायच्या बेतात होते. त्यांना मी कळकळीने थांबवलं. परवानगीशिवाय लावलेला असला रिपीटर टॉवरच्या कानात गोंगाट भरतो आणि आसपासच्या सगळ्यांची सेवा बिघडवतो.

चौकासाठी कंपनीने आहे त्याच टॉवरवर आणखी एक बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, सुरू केला आणि एका अँटेनाचा झुकाव बदलला. तेवढ्यानेही पूर्ण फरक पडेना, कारण टॉवरला मुख्य जाळ्याशी जोडणारा मायक्रोवेव्हचा दुवाच अरुंद होता. तिथे फायबर आल्यावर गाडी मार्गी लागली.

दरीला मात्र नवा टॉवर हवाच होता, आणि तिथे दिवस गेले. काहींना किरणांची भीती. त्यांच्याशी बोलताना आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये सुधारलेल्या किरणांच्या मर्यादा आम्ही समोर ठेवल्या आणि उभारणीनंतर मोजणी करून आकडे सर्वांना दाखवण्याची अट कंपनीकडून मान्य करून घेतली. काहींना डोंगराच्या माथ्यावर लोखंडी सांगाडा नको होता. लोक इथे तो माथाच बघायला येतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटत होतं. शेवटी जागा माथ्याखाली, झाडांच्या रांगेमागे ठरली. थोडी रेंज गेली, पण दृश्य वाचलं. लहरींचा वारंवारिता पट्टा ७०० मेगाहर्ट्झचा मिळाला, हे बरं झालं, कारण कमी वारंवारितेच्या लहरी झाडीतून आणि वळणांमागे जास्त पोचतात. खांब एक आणि त्यावर एकाहून जास्त कंपन्या, असा आग्रहही धरला. पर्यटक कुठलं सिम घेऊन येईल ते आपल्या हातात नसतं. वीज गेल्यावर टॉवर किती वेळ तग धरेल, हा प्रश्न लेखी विचारा. वादळात नेमकी वीज जाते आणि नेमकी तेव्हाच मदत मागावी लागते.

आता धबधब्याच्या वाटेवर दुसऱ्या वळणापर्यंत फोन लागतो. कातळाखालचा टप्पा अजून कोराच आहे, तिथे कुठलाच टॉवर पोचत नाही. त्या टप्प्याच्या तोंडाशी आम्ही फलक लावला: इथून पुढे फोन लागणार नाही, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश हे, आणि इथे स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून बघा. दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं नेटवर्क फोनला सापडलं तर तो कॉल त्यावरून जाऊ शकतो. कुंडाजवळ उपग्रहावरून चालणारा आपत्कालीन संच बसवता येईल का, याची चौकशी सध्या चालू आहे.