कालची रात्र छत्तीस

मामांनी कॅलेंडरचं फाडलेलं पान टेबलावर उलटं पसरलं आणि शेवटच्या आकड्यावर बोट टेकवलं. "काल रात्री छत्तीस श्वास. परवा एकतीस."

बंटी शेपूट हलवत माझ्या चपला हुंगत होता. हिरड्या गुलाबी, डोळे तरतरीत. बाहेर चार जण ताटकळलेले आणि मे महिन्याचं ऊन नऊ वाजताच दवाखान्याच्या पत्र्यावर चढलेलं. दिसायला ठणठणीत आहे, चार दिवसांनी बोलवावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. तरी त्या पानाकडे पाहून मी त्याला टेबलावर घेतला.

महिन्यापूर्वी हेच मामा भर दुपारी त्याला चादरीत गुंडाळून रिक्षाने घेऊन आले होते. अकरा वर्षांचा, सात किलोचा पांढरा पामेरियन. जीभ जांभळट पडलेली, मान पुढे ताणलेली, पुढच्या पायांची कोपरं फाकलेली. आडवं व्हायलाच तयार नव्हता. आडवं झालं की दम कोंडतो म्हणून ही जनावरं बसूनच राहतात. छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोपची नळी लावली तर प्रत्येक ठोक्याबरोबर 'फुस्स' आणि फुप्फुसांत चरचर. अशा जनावराला एक्स-रेसाठी दाबून धरलं तर ते तिथेच दगावू शकतं. म्हणून आधी लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणाऱ्या फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन दिलं. जखम चाटू नये म्हणून घालतो ती प्लास्टिकची कॉलर गळ्यात घातली, तिच्या तोंडावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक अर्ध्यापर्यंत ताणलं आणि आत ऑक्सिजनची नळी सोडली. कूलर लावला, मामा सोडून सगळ्यांना बाहेर काढलं. पाऊण तासाने फरशीवर लघवीचं मोठं थारोळं झालं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. फुप्फुसात साचलेलं पाणी त्या वाटेने बाहेर पडत होतं.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. हृदय इतकं फुगलेलं की त्याने श्वासनलिका वर ढकलली होती. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप वयाने जाड होते, नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं आणि मागचा दाब फुप्फुसांवर येतो. छोट्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाचा हा आजार सगळ्यात जास्त दिसतो.

"रात्री खोकत होता का?" मी विचारलं. मामा माझ्या ओठांकडे पाहत होते. मी पुन्हा मोठ्याने विचारलं. बत्तीस वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस. धोट्याच्या खडखडाटात दोन्ही कान गेलेले. सोलापुरातल्या अशोक चौकाकडच्या त्या घरात खालच्या खोलीत रात्री ते आणि बंटी दोघंच. कुत्रा किती महिने खोकत होता, कुणास ठाऊक. सूनबाईंनी वरून कधीतरी ऐकलं होतं, पण घशात काही अडकलं असेल असं त्यांना वाटलं. हे कळल्यावर मामा फार वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मशीनवर हात ठेवला की धागा तुटलेला कळायचा मला. ह्याचं कळलं नाही बगा."

त्या वाक्यानेच मला मार्ग दाखवला. कुत्रा गाढ झोपला की त्याच्या बरगड्यांवर अलगद हात ठेवायचा आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट श्वास मोजायचे. छाती वर जाऊन खाली आली की एक. झोपेतला श्वास मिनिटाला तीसच्या आत असायला हवा. रोज तीसच्या वर जायला लागला, तर खोकल्याची वाट न पाहता यायचं. ह्याला कान लागत नाहीत.

खाण्याचं बोलणं मात्र जड गेलं. बंटी रोज मामांच्या ताटातला कडक भाकरीचा चुरा शेंगाचटणीत कालवून खायचा. चटणीतल्या मिठाने अंगात पाणी धरून राहतं, आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. चटणी बंद. गळपट्टा काढून छातीचा पट्टा आणायचा. फिरायला फक्त पहाटे. हृदयाला बळ देणारी पिमोबेंडनची गोळी जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी, दोन वेळा. लघवीची गोळीही दोन वेळा.

पानावर महिन्याभराचे आकडे होते: चोवीस, बावीस, पंचवीस, तेवीस. मग अठ्ठावीस, एकतीस, छत्तीस. नळी लावली. फुप्फुसांच्या वरच्या मागच्या भागात अगदी बारीक चरचर पुन्हा सुरू झाली होती. बाहेरून काहीच दिसत नसताना!

"गोळ्या चालू आहेत ना?"

मामांनी मान डोलावली. सोबत आलेल्या सूनबाई खाली बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मॅडम, संध्याकाळची लघवीची गोळी पाच दिवस दिली नाही. रातभर चादर ओली करूलालाय. पाणी पण कमी ठेवलं. मामांची झोप होत नव्हती."

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. खाली येऊन रात्री तीनदा फरशी पुसायची आणि सकाळी कामावर जायचं, हे त्या करत होत्या. चूक माझी होती. गोळी कधी द्यायची हे सांगताना मी घर विचारात घेतलं नव्हतं. त्या गोळीचा जोर साधारण सहा तासांचा. रात्री नऊला दिली तर पहाटेपर्यंत चादर ओली होणारच. दुसरी गोळी दुपारी चारला ठेवली. पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं हवं, हे दोघांकडून वदवून घेतलं. ह्या गोळीवर असलेल्या कुत्र्याचं पाणी तोडलं तर मूत्रपिंडं जाऊ शकतात.

इंजेक्शन देऊन तासभर ठेवून घेतलं. निघताना मामांनी विचारलं, "बरा होईल?"

"झडप नीट होणार नाही, मामा. पण श्वास मोकळा राहील, तितके दिवस काढू."

त्यांनी ओठ वाचले, मान हलवली आणि पान चौकोनी घडी करून खिशात घातलं.

रात्री साडेदहाला नातवाचा फोन आला. मागे मामांचा आवाज ऐकू येत होता, कान गेलेल्या माणसाचा मोठा आवाज: "सांग त्यांना. सव्वीस!"