सिएटलचे चौघे आणि माझा अल्बम

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या ऑफसेट प्रेसवर लग्नपत्रिका, दिनदर्शिका आणि सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल छापतो. छापलेला पुठ्ठा हातात आला की आधी कडा बघायच्या, मग भिंग लावून रंगाचे ठिपके बघायचे, ही वडिलांपासूनची सवय. माझा मावसभाऊ सिएटलजवळ रेडमंडला नोकरी करतो. त्यानं पहिल्यांदा बेसबॉलची कार्डं आणली तेव्हा मी छपाईच बघत बसलो. त्यावरचे खेळाडू कोण, हे नंतर त्याला विचारून घेतलं.

कार्ड असतं अडीच बाय साडेतीन इंचाचं. पुढं फोटो, मागं कारकिर्दीचे आकडे. टॉप्स कंपनी ऐंशीच्या दशकात एका शीटवर 132 कार्डं छापायची. अशा शीट कापताना माप जरा सरकलं की एका बाजूची पांढरी पट्टी जाड होते आणि समोरची बारीक. पीएसएसारख्या कंपन्या कार्डाला 1 ते 10 असा दर्जा देतात, तेव्हा कोपरे, कडा आणि पृष्ठभागासोबत हे सेंटरिंगही तपासतात. तीसपस्तीस वर्षांपूर्वीचं, चारही पट्ट्या सारख्या असलेलं कार्ड मिळालं की मला खेळाडूइतकाच ते कापणाऱ्याचाही आदर वाटतो.

मी फक्त सिएटल मरिनर्स या बेसबॉल संघाची कार्डं घेतो आणि त्यातही चौघांचीच: केन ग्रिफी ज्युनियर, एडगर मार्टिनेझ, इचिरो सुझुकी, फेलिक्स हर्नांडेझ. न्यूयॉर्क यँकीजची का नाही, असं भाऊ विचारतो. मी शिवाजी पेठेत वाढलो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पेठेचा संघ हरला म्हणून कुणी दुसऱ्या पेठेचा झेंडा हातात घेत नाही. मरिनर्स 1977 पासून खेळतायत आणि 2025 च्या मोसमापर्यंत एकदाही वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेला, पोहोचलेले नाहीत. 2001 साली त्यांनी 116 सामने जिंकून शिकागो कब्जच्या 1906 च्या विक्रमाशी बरोबरी केली आणि तरी पुढं यँकीजकडून हरले. 2025 मध्ये तिथं पोहोचायला एक विजय कमी पडला, टोरांटोनं सातव्या सामन्यात हरवलं. असा संघ एकदा आपला म्हटला की आपलाच.

ग्रिफीचं 1989 चं अपर डेकचं कार्ड माझं सगळ्यात लाडकं. कंपनीचा तो पहिलाच संच आणि त्यातलं पहिल्या क्रमांकाचं कार्ड त्यांनी 19 वर्षांच्या अशा पोराला दिलं, ज्यानं तोवर मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा, एकही सामना खेळला नव्हता! मरिनर्सच्या टोपीतला फोटो नव्हता, म्हणून सॅन बर्नार्डिनो या खालच्या पातळीवरच्या संघाच्या टोपीतला घेतला आणि टोपी रंगवून मरिनर्सची केली. फोटोशॉप अजून बाजारात यायचं होतं. भिंगातून ती टोपी मी कितीदा बघितली असेल! ज्यानं ते रिटचिंग केलं त्याला माझा मुजरा. पुढं त्या पोरानं 630 होम रन मारले, आपल्या षटकारासारखे. त्या काळात कंपन्यांनी बेसुमार कार्डं छापल्यामुळं बरीचशी आज कवडीमोलानं मिळतात, पण हे कार्ड अजून भाव धरून आहे.

एडगर मार्टिनेझ अठराच्या अठरा मोसम मरिनर्सकडूनच खेळला. 1995 मध्ये यँकीजविरुद्ध पाचव्या सामन्यात, अकराव्या डावात त्यानं डबल, म्हणजे दोन बेस (धावण्याचे थांबे) मिळवून देणारा फटका मारला आणि ग्रिफी पहिल्या बेसवरून धावत थेट घरी, म्हणजे धाव पूर्ण होते त्या होम प्लेटवर आला. हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या मोठ्या सन्मानासाठी मात्र त्याला 2019 पर्यंत, मतदानाच्या शेवटच्या संधीपर्यंत थांबावं लागलं. हा उशीर मला अजून पटत नाही.

इचिरो 27 व्या वर्षी जपानहून आला आणि 2001 च्या पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदितही ठरला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही. 2004 मध्ये त्यानं 262 हिट्स, म्हणजे बेसवर पोहोचवणारे फटके, घेतल्या. आधीचा 257 चा विक्रम 1920 पासूनचा होता. त्याच्या कार्डाच्या मागं 2001 ते 2010 हे आकडे ओळीनं वाचायला मला फार आवडतं. दहाही ओळींत हिट्स दोनशेच्या वर.

फेलिक्स हर्नांडेझनं 15 ऑगस्ट 2012 ला टँपा बेच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू दिलं नाही. मेजर लीगमध्ये तोही फक्त सिएटलकडूनच खेळला.

आता जपणुकीबद्दल, कारण कोल्हापूरचा जुलै कागदाला सोडत नाही. क्रोमची चकचकीत कार्डं आधी वाकतात. एका बाजूला चकाकणारा थर आणि दुसऱ्या बाजूला कागद. कागद ओल धरून फुगतो, वरचा थर फुगत नाही. एकाच बाजूनं लॅमिनेशन केलेली पत्रिका पावसात वळते तीही याच कारणानं. म्हणून प्रत्येक सुटं कार्ड आधी पातळ पिशवीत, मग टॉपलोडर या कडक प्लास्टिकच्या खोळीत, आणि सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या पावसाळ्यात बदलत राहायच्या. अल्बम कपाटात उभा ठेवायचा, भिंतीला टेकवून नाही. आणि कार्डाला रबरबँड कधीही लावायचं नाही, कडांवर खाच पडते.

सध्या मी एडगरचं 1988 चं फ्लीर कंपनीचं कार्ड शोधतोय. कोपरे थोडे झिजलेले चालतील, पण सेंटरिंग चांगलं हवं. माझ्याकडं ग्रिफीची नव्वदच्या दशकातली काही कार्डं जास्तीची आहेत. कोल्हापुरात कुणाकडं एडगर असेल तर अदलाबदल करू. संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर मी प्रेसवरच असतो, भिंग माझ्याकडं आहे.