आमची वाटचाल : डेल्समधली दगडी घरं आणि आम्ही

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स या डोंगर-दऱ्यांच्या भागात सुट्टीसाठी भाड्याने दिली जाणारी घरं आम्ही सांभाळतो. घरं आमची नाहीत. मालक कुणी लीड्सला, कुणी लंडनला, काही इथलेच शेतकरी. बुकिंग, चाव्या, साफसफाई, चादरी-अभ्रे आणि रात्री दहाला येणारा ‘गरम पाणी येत नाहीये’ हा फोन मात्र आमचा. स्किप्टनमध्ये छोटं ऑफिस, मी, माझा नवरा आणि शुक्रवारी हाताशी येणाऱ्या गावातल्या चारपाच बायका, एवढाच पसारा.

सुरुवात झाली २०१४च्या जुलैमध्ये. त्या वर्षी टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत लीड्समधून निघाली आणि पहिल्याच दिवशी स्किप्टन, केटलवेल, हॉज अशा गावांमधून गेली. डेल्समध्ये पाठ टेकायला जागा उरली नव्हती. ओळखीच्या एका शेतकरीणबाईंनी विचारलं, पाहुणे गेले की घर आवरून द्याल का? आम्ही हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शेजारणीचा फोन आला.

त्या पहिल्या शेतकरीणबाईंचं घर म्हणजे पूर्वीचा गोठा. डेल्सच्या शेतांमध्ये दगडी गोठे जागोजागी दिसतात. खाली गुरं, वर माळ्यावर चारा. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली, साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली आणि डोंगरातल्या पायवाटासुद्धा बंद झाल्या. नुसत्या मेंढ्यांवर भागणार नाही, हे तेव्हा अनेक घरांना कळून चुकलं. बाईंनी गोठ्याचं घर केलं ते त्यानंतर. डेल्स १९५४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात माणसं राहतात, शेती करतात. त्यामुळे असा बदल करायचा तर उद्यानाच्या प्राधिकरणाची परवानगी लागते.

आता आमच्या धंद्याचं खरं भांडवल सांगते : घराच्या उणिवा. इतर ठिकाणी फोटोत फुलं, वूडबर्नर म्हणजे लाकडाची शेगडी आणि खिडकीतून दिसणारी टेकडी असते. आम्ही पाहुण्यांना पहिला मजकूर पाठवतो तो ‘या घरात काय नाही’ याचा. भिंती दोन फूट जाड, त्यामुळे वाय-फाय वरच्या खोलीत पोहोचत नाही. तुळई इतकी खाली की सहाफुटी माणसाने वाकूनच जावं. झोपायची खोली वर, बाथरूम खाली, मधला जिना उभा आणि अरुंद. शेवटचे दोन मैल रस्ता एकाच गाडीपुरता. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे तुम्हालाच जायचंय. आधी मालक वैतागले. असं लिहिल्यावर येणार कोण? आले. शिवाय रात्रीचे फोन कमी झाले, हे मालकांनाही दिसलं.

मराठी पाहुणे पुढे वाढले. लीड्स, मँचेस्टर, लंडनमधली मुलं मे-जूनमध्ये आई-वडिलांना बोलावतात आणि चार दिवस खेड्यात काढू म्हणतात. इथे आमची खरी कसोटी लागली, ती स्वयंपाकघरात. या खेड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी पाइपचा गॅस नाही. बाहेर तेलाची टाकी असते, त्यावर पाणी तापतं आणि रेडिएटर चालतात. स्वयंपाकाला बरेचदा इंडक्शन. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर ढिम्म हलत नाही आणि थेट आचेवर फुलका फुगवायची सोय नाही. म्हणून आम्ही सपाट बुडाचा लोखंडी तवा आणि स्टीलचा कुकर ठेवतो. फोडणीचा प्रश्न वेगळा. बैठक आणि स्वयंपाकघर एकच असेल, तर मोहरी तडतडते न तडतडते तोच धुराचा अलार्म कोकलायला लागतो, आणि काकू घाबरून दार उघडून अंगणात. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर चालणारा अलार्म लागतो. तो बसवा, म्हणून मालकांच्या मागे लागायचं कामही आमचंच. अलार्मवर शॉवर कॅप चढवणाऱ्यांना मात्र मी स्पष्ट रागावते, मग ते कितीही वडीलधारे असोत.

स्वयंपाकाचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, ही दुसरी विनवणी. मैला गावाच्या गटारात जात नाही, शेतातल्या सेप्टिक टाकीत जातो. काही घरांना पाणीही झऱ्याचं. जंतू मरावेत म्हणून ते अतिनील दिव्याखालून येतं आणि स्थानिक कौन्सिल त्याची तपासणी करते, पण कोरड्या उन्हाळ्यात धार बारीक होते.

करोनाच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. ४ जुलै २०२० ला घरं पुन्हा उघडली आणि परदेशी जाता न येणारं सगळं इंग्लंड आमच्या दारात उभं राहिलं. सकाळी दहाला एक कुटुंब बाहेर, दुपारी चारला दुसरं आत, मधल्या सहा तासांत सगळं धुऊन-पुसून. धंदा म्हणून चांगलं वर्ष, पण पाठीची वाट लागली.

नंतरची घडी तेवढी सोपी नव्हती. युक्रेनच्या युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये घरं तापवायच्या तेलाचे भाव भडकले. एप्रिल २०२५ पासून सुट्टीच्या घरांना मिळणारी करसवलत गेली, आणि कर्जाचं पूर्ण व्याज उत्पन्नातून वजा करता येत होतं, तेही थांबलं. स्थानिक करासाठी व्यवसाय म्हणून नोंद टिकवायची तर घर वर्षातून १४० दिवस भाड्यासाठी उपलब्ध हवं आणि ७० दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं हवं. काही मालकांनी विकून टाकलं. आमचं नुकसान झालं, तरी गावातली तक्रार मला पटते : आमच्याकडे शुक्रवारी येणाऱ्या मुलींना त्याच गावात घर परवडत नाही. म्हणून फक्त गुंतवणूक म्हणून घेतलेलं नवं घर आम्ही आता सांभाळायला घेत नाही. शेतकऱ्याने आपल्या आवारातला गोठा दुरुस्त केला असेल, तर आनंदाने घेतो.

सध्या विचारणा सगळी ऑगस्टची असते, कारण शाळांना सुट्टी. माझं ऐकाल तर एप्रिलअखेरीस या. कोकरं असतात, कुत्रा बांधून ठेवा आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवा. रिबलहेडचा चोवीस कमानींचा रेल्वेपूल बघायचा तर गाडीपेक्षा सेटल गावाहून रेल्वेने जा. नोव्हेंबरमध्ये भाडं बरंच उतरतं. चारलाच अंधार, चिखल गुडघाभर, पबचं स्वयंपाकघर लवकर बंद. हे चालणार असेल तर फोन करा, घर रिकामं आहे.